परवानाधारक हजर आहेत

शेवटच्या साध्या दिवशी बाबा एका चोराला पाणी देत होते.

चोर ओळखीचा होता. दातांच्या दवाखान्यात कंपाउंडर. तो आमच्या पायरीवर बसून खोकत होता आणि त्याच्या मांडीवर आमच्याच शेतातून उपटलेल्या काड्यांची जुडी होती, पाला ओरबाडून घेतलेली.

"काका, पिशवीभर पाला ओढला," तो म्हणाला. "नुसतं डोकं धरलंय. दुसरं काही म्हणजे काही होत नाही."

"पाटीवर तेच लिहिलंय ना?"

"पाटीवर कुणीही काहीही लिहितं हो."

"अजून पाणी?"

"द्या."

पाटी सरकारी होती. धाग्याची भांग लावायला कायद्याने परवानगी मिळाली तेव्हा अट घातली गेली, की प्रत्येक शेतावर 'या पिकाने नशा होत नाही' अशी मोठ्या अक्षरांत पाटी हवी. पाटी लागेपर्यंत आमच्या शेताकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. पाटी लागली आणि कुंपणापर्यंत पायवाट पडली. सरकार उगाच कशाला असं लिहील, असा लोकांचा हिशेब. शेवटी बाबांनी पाटीखाली स्वतः ब्रशने भर घातली: 'फक्त डोकं दुखतं. अनेकांनी खात्री करून घेतली आहे.' त्यानंतर चोऱ्या दुप्पट झाल्या.

शेतावर एक पहारेकरीही होता, तोही सरकारी. तो मूळचा पोलिसातला. हेच झाड दिसेल तिथे उपटण्यात त्याची अर्धी नोकरी गेली होती, आणि आता त्याच झाडांवर कुणाचा हात पडू नये म्हणून त्याला खुर्ची देऊन बसवलं होतं. त्याच्या अजून ते अंगवळणी पडलं नव्हतं. वाऱ्याने पीक सळसळलं की त्याचा हात आपोआप शिट्टीकडे जायचा. कंपाउंडरला त्यानेच आणलं होतं, पण पकडून नव्हे, सोबत म्हणून. दोघं शाळेत एका बाकावर होते.

"काड्या परत आणल्यास हे फार बरं केलंस," बाबा कंपाउंडरला म्हणाले, अगदी मनापासून.

बाबांना त्या काड्या सोन्यासारख्या होत्या. कापणीचा दिवस ठरेपर्यंत मालकाने एक रोपही मोडायचं नाही असा नियम होता. चोरांना तो लागू नव्हता. त्यामुळे स्वतःच्या पिकाचा धागा कसा निघतो हे पाहायचं तर बाबांना चोरांच्याच भरवशावर राहावं लागे. आधीच्या चोरीच्या काड्या त्यांनी बादलीत भिजत घातल्या होत्या. काडी पाण्यात कुजली की साल सुटते, आणि त्या सालीतून लांबसडक वाख निघतो. वाख म्हणजे दोराचा कच्चा धागा. तो निघेपर्यंत जो वास सुटतो त्याबद्दल न बोललेलं बरं.

"शेजारचे विचारून गेले, तुमचं गटार तुंबलंय का," आई आतून म्हणाली.

"सांग त्यांना, दोर होतोय."

"मी म्हटलं, तुंबलंय. तेवढं तरी पटण्यासारखं आहे."

मी सुट्टीवर आले होते. पायरीवर बसून मी बाबांबरोबर काड्या सोलल्या. बोटं हिरवट काळी झाली. बाबा वाखाची बट उजेडात धरून ओढून बघायचे, मग माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "तोड." मला तुटायची नाही. त्यांना आनंद व्हायचा. दिवसभरात एवढंच घडलं. जेवण झालं, पंखा दुरुस्त करायचा राहिला.

बाबा शेतकरी नव्हते. ते दोरखंडाच्या कारखान्यात कातणारे होते. कमरेला वाखाचा वेढा घ्यायचा, त्याचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचं, दुसऱ्याने चाक फिरवायचं आणि आपण बोटांतून वाख सोडत मागे मागे जायचं. म्हणजे नोकरीची सगळी वर्षं ते उलटे चालले. उलटं चालणाऱ्या माणसाला जे मागे पडत जातं तेच समोर दिसत राहतं, आणि बाबांना समोर दिसायची कारखान्याची मागची खिडकी. कारखान्याचा वाख जहाजातून यायचा, लांबून. आणि खिडकीबाहेर, भिंतीला लागून, तेच झाड आपोआप उगवायचं, पुरुषभर वाढायचं, आणि दरवर्षी पोलीस येऊन ते उपटून जाळायचे. एवढं पाहून माणसाच्या डोक्यात जे बसायचं ते बसलं. निवृत्त झाल्यावर बाबा समित्यांपुढे जाऊन बोलले, अर्ज केले, हेलपाटे घातले. कायदा झाला. आमच्या भागातला पहिला परवाना त्यांना मिळाला. आमच्या शेताचा वाख त्यांच्याच जुन्या कारखान्यात जाणार होता.

मात्र कायद्याने एक रेघ आखली होती. पिकात नशेचा अंश त्या रेघेखाली असेल तर ते कापसासारखं पीक. केसभर वर गेला तर गुन्हा, आणि उभं शेत जाळायचं. फुलं पिकायला लागली की अंश चढतो. म्हणून रेघेच्या आत कापायचं. बाबांच्या बोलण्यात तेव्हा ऊन, पाऊस, वारा काही नसायचं. फक्त रेघ असायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सुकलेला वाख घेऊन शेतावर गेले. पहारेकऱ्याला त्यांनी चाकावर बसवलं आणि स्वतः कडेच्या वाटेने कातत मागे निघाले. पहारेकरी नंतर ज्याला त्याला सांगायचा ते असं: काका मागे मागे जात होते. वाट उताराची आहे, त्यामुळे आधी त्यांचे पाय दिसेनासे झाले, मग कंबर, मग टोपी. सूत मात्र ताठ होतं. मग ते सैल पडलं. पण काकांनी बजावलं होतं, मी सांगेपर्यंत चाक थांबवायचं नाही. म्हणून तो फिरवत राहिला.

डॉक्टर म्हणाले, हृदय. ओढाताण झाली नसणार.

आईने सगळं केलं. कुणाला कळवायचं, कुणाला थांबवायचं, कोण जेवलं नाही. माझ्याकडे फोन दिला. मला वाटलं हे सोपं काम आहे. मी ग्रंथालयात काम करते, शब्दांचं मला भय नाही. आपल्या भाषेत तर या एका गोष्टीसाठी इतके शब्द आहेत की पंगत बसेल, आदराचे, आडवळणाचे, रागाचे, कागदावरचे. मी ते सगळे वाचलेले आहेत. त्यातला एकही माझ्या तोंडात मावेना.

पहिला फोन कारखान्याच्या मुकादमांचा आला.

"काका आहेत का?"

"आत्ता नाहीत."

"मग कधी येतील?"

"सांगता येत नाही."

"बरं, आले की म्हणावं गाडी तयार ठेवलीय."

"सांगते," मी म्हणाले, आणि आईने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

पीक तपासणारे निरीक्षक साहेब घरी भेटायला आले तेव्हा फुलं घेऊन आले होते. तरुण माणूस, सदा सर्दी झालेला. गळ्यात दोरीला बांधलेली छोटी कात्री असायची, झाडांचे शेंडे कापून घेण्यासाठी. त्या दिवशी त्यांनी ती शर्टात लपवली होती. बराच वेळ बसले, चहा गार केला, डोळे पुसून गेले. त्यानंतर चार दिवसांनी पुन्हा आले, ते आम्ही दोघी शेतावर असताना. या वेळी कात्री बाहेर होती.

"परवानाधारक कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

आई पुढे झाली. "अहो साहेब, त्या दिवशी तुम्हीच येऊन गेलात ना?"

"आलो होतो, काकू. पण तो मी म्हणून आलो होतो. आज निरीक्षक म्हणून आलोय. नमुने घ्यायचेत आणि धारक समोर असल्याशिवाय कात्री लावता येत नाही."

"मग आता?"

साहेबांनी नियमावली उघडली. त्यात पीक मरायच्या सगळ्या तऱ्हा दिल्या होत्या: वाळून, सडून, गारपिटीने, कीड लागून, गुरांनी खाऊन. प्रत्येकीला वेगळं कलम. शेतकरी मरेल हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. कायदा करताना सगळ्यांची नजर झाडावर होती. साहेबांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला आणि आम्हालाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"परवाना कापणीने संपतो नाहीतर आगीने," पलीकडचा आवाज म्हणाला. "तिसरी वाट नाही. तोवर धारकाने प्रत्येक वेळी कुंपणाच्या आत हजर राहायचं."

"पण ते वारलेत, सर."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "तशी सूट दिलेली नाही."

"नाही आले तर?"

"तर पीक बेवारस. बेवारस म्हणजे जाळायचं. उद्या करा."

साहेबांनी फोन ठेवला आणि नाक शिंकरलं. मी कुंपणाकडे पाहिलं. पीक माझ्या डोक्यावर दोन हात वर गेलं होतं, इतकं दाट की आत अंधार दिसत होता. बाबांनी एवढंच मागितलं होतं आयुष्याकडे, एकदा कापून कारखान्यात नेणं. आणि ते उद्या जाळणार, एवढं मला कळत होतं.

"हजर म्हणजे नुसतं कुंपणाच्या आत असायचं ना?" आईने विचारलं.

"हो."

"बोलायला वगैरे नको?"

"नमुने घेताना नको."

"थांबा मग."

आई घरी गेली आणि डबा घेऊन आली. विद्युतदाहिनीच्या कार्यालयातून मिळालेला राखाडी रंगाचा डबा, वर बाबांच्या नावाची पट्टी. बाबांची प्लॅस्टिकची खुर्ची शेताच्या कडेला होतीच. तिने डबा तिच्यावर ठेवला, जरा मागे होऊन पाहिलं, आणि ऊन लागेल म्हणून त्याच्यावर बाबांची टोपी घातली.

पहारेकरी ताठ उभा राहिला आणि त्याने सलाम ठोकला.

साहेबांनी पिशवीतून परवाना काढला. मग म्हणाले, "ओळख पटवावी लागेल." त्यांनी परवान्यावरचा फोटो डब्यासमोर धरला. फोटोकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. "थोडा फरक वाटतोय."

"वजन उतरलंय," आई म्हणाली.

साहेबांनी लिहिलं: ओळख पटली. धारक हजर. मग ते कात्री घेऊन पिकात शिरले आणि शेंडे कापून कागदी पिशव्यांत भरू लागले. जाताना म्हणाले, "प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत धारकांना दिवसा शेतावरच ठेवा. अचानक तपासणी झाली तर?"

म्हणून आम्ही रोज सकाळी बाबांना शेतावर नेऊ लागलो आणि दिवस मावळायच्या आत परत आणू लागलो. हळूहळू ते सगळ्यांच्याच सवयीचं झालं. पहारेकरी चहाला जाताना खुर्चीकडे वळून म्हणायचा, "काका, आलोच." कंपाउंडर पुन्हा एकदा चोरी करायला आला, खुर्चीवर टोपी दिसली तशी हातातली रोपं मागे लपवली, आणि मग जवळ येऊन सगळं लक्षात आल्यावर त्याच खुर्चीपाशी खाली बसला. उठताना काड्या तिथेच ठेवून गेला. मुकादम गाडीची मापं घ्यायला आले. कुंपणाबाहेरूनच म्हणाले, "काय काका, निवांत?" आणि ओशाळून आमच्याकडे बघू लागले.

"निवांतच," आई म्हणाली.

मी पुस्तक घेऊन शेजारी बसायचे. कधी एखादं पान मोठ्याने वाचायचे. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणी विचारलं, "बाबा कुठेत?" तर मी म्हणायचे, "शेतात," आणि ते खोटं नव्हतं. मला ते दिवस आवडत होते. आईच्या ते लक्षात आलं असावं, कारण एकदा डबा उचलताना ती मला म्हणाली, "हे कापणीपर्यंत आहे हं."

निकाल आला. अंश रेघेखाली, पण जेमतेम. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत पीक आडवं झालं तर ठीक, नाहीतर आग.

दुसऱ्या दिवशी कापणीचं यंत्र कुंपणाशी येऊन घरघरत उभं राहिलं. मागे कारखान्याची गाडी. मुकादमांनी कारखान्यातले दोन जुने कातणारे सोबत आणले होते. त्यांनी हे झाड कारखान्याच्या भिंतीलगत पोलिसांनी उपटताना पाहिलं होतं, असं शेतभर उभं असलेलं कधीच नाही. ते दोघं मान वर करून शेंड्यांकडे बघत होते. बाबा खुर्चीत होते. सगळं व्यवस्थित चाललं होतं, आणि तेवढ्यात साहेबांनी घसा खाकरला.

"आता घोषणा," ते म्हणाले.

"कसली?" आईने विचारलं.

घोषणेचा नियम एका आमदाराच्या हट्टाने आला होता म्हणे. त्यांचं म्हणणं, माणूस सही कशावरही करतो, पण उभ्या पिकासमोर मोठ्याने खोटं बोलायला कचरतो. म्हणून कापणीआधी धारकाने पिकाकडे तोंड करून, सर्वांना ऐकू जाईल असं म्हणायचं: हे पीक माझं आहे, हे धाग्यासाठी आहे, याने कुणाला काही होणार नाही.

सगळ्यांनी खुर्चीकडे पाहिलं.

"मी म्हणते," आई म्हणाली.

"नाही चालणार, काकू. धारक बोलू शकत नसेल तर रक्ताच्या नात्याचं माणूस बोलतं."

"म्हणजे इतकी वर्षं यांचे शर्ट मी धुतले ते रक्तात धरत नाहीत?"

"नाही, काकू."

"बरं. मग ही आहे."

मी पुढे झाले. घोषणा तीन वाक्यांची होती, मला पाठ झाली होती. पण साहेबांनी हात वर केला. "आधी कारण सांगायचं, ताई. धारक का बोलू शकत नाहीत ते. तेही मोठ्याने, पिकाकडे बघून."

"तुम्हाला माहीत आहे," मी म्हणाले.

"मला माहीत असून चालत नाही. मला ऐकू यावं लागतं."

मी पिकाकडे वळले. पहारेकरी माझ्या कानाशी कुजबुजला, "घसा बसलाय म्हणा ताई. सरळ सांगा, घसा बसलाय."

"बाबांचा घसा बसलाय," मी म्हणाले.

साहेबांनी नियमावली चाळली. त्यांचा चेहरा पडला. "घसा बसला असेल तर सुटेपर्यंत थांबायचं. आठ दिवसांची मुदत आहे."

"आठ दिवसांत जळून जाईल सगळं!" मुकादम म्हणाले.

"मग बरं नाहीये म्हणा," पहारेकरी म्हणाला.

"त्यांना बरं नाहीये."

"आजारी असेल तर डॉक्टरांनी बरं झाल्याचं सांगेपर्यंत थांबायचं."

"झोपलेत," मी म्हणाले.

"ताई, मग उठवा म्हणेल नियम."

"बाबा नाहीत."

"नाहीत कसे? हजर आहेत असं मीच लिहिलंय." साहेब माझ्या जवळ आले. आवाज खाली आणला. सर्दीने की कशाने, त्यांचे डोळे लाल झाले होते. "तुम्ही जी जी कारणं देताय ना, ती सगळी सुटणारी आहेत. कधी ना कधी संपणारी. आणि संपणारी असली की नियम म्हणतो, थांबा. न संपणारं कारण असेल तरच आजच्या आज कापता येतं. मी तुमच्या तोंडात शब्द घालू शकत नाही. पण ऊन उतरायला लागलंय."

यंत्रवाल्याने यंत्र बंद केलं. घरघर थांबल्यावर पिकाचा आवाज ऐकू आला, वरवर शेंडे घासल्याचा. पहारेकऱ्याचा हात शिट्टीकडे गेला नाही. जुन्या कातणाऱ्यांपैकी एकाने टोपी काढली.

मी आईकडे पाहिलं. ती मला सोडवेल असं मला वाटलं. फोन जसा हातातून काढून घेतला होता तसं हेही घेईल. तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता, बाबा बसलेले असताना ठेवायची तसाच. ती नुसती मान हलवून म्हणाली, "बोल गं. मी बोलून चालत नाही म्हणतात."

मी तोंड उघडलं. पहिल्यांदा हवाच आली.

"ऐकू आलं नाही," साहेब हळूच म्हणाले.

"माझे बाबा मेले," मी म्हणाले. मग आणखी मोठ्याने, शेंड्यांवरून पलीकडे जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "माझे बाबा मेले. ते आता कधीच बोलणार नाहीत. हे पीक त्यांचं आहे."